कारखान्यातून येणारे घर बीडला परवडेल का?

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील रस्त्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबू, चटया, ताडपत्री, पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, बाजरीचे पोते आणि या साऱ्या पसाऱ्यावर बसलेली बायका-मुले. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई अशा तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि त्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात राबणार असतो. कारखान्याच्या तळावर ट्रॉली रिकामी झाली की काही तासांत बांबू रोवले जातात, त्यांवर चटया, पाचट आणि प्लास्टिक चढते आणि कोपी उभी राहते. हंगाम संपला की तीच कोपी मोडून, जे टिकले असेल ते बांधून पुन्हा गावाकडे आणले जाते.

सुटे भाग आधीच तयार, जागेवर केवळ जुळणी, आणि हवे तेव्हा सोडवून दुसरीकडे नेण्याची सोय. बांधकाम तंत्रज्ञ ज्याला ‘प्रीफॅब’ किंवा पूर्वरचित घर म्हणतात, त्याची ही सारी लक्षणे कोपीत आहेत. तिच्यात नाहीत त्या दोनच गोष्टी : टिकाऊपणा आणि मालकी. गेल्या काही वर्षांत कारखान्यात बनणाऱ्या, ट्रकवरून येणाऱ्या आणि आठवडाभरात उभ्या राहणाऱ्या तयार घरांच्या जाहिराती मराठवाड्यातही पोहोचल्या आहेत. ‘कमी खर्चात, कमी वेळात स्वतःचे घर’ हे त्यांचे आश्वासन. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे घर बांधायला पैसा, पाणी आणि सवड या तिन्हींची टंचाई आहे, तिथे हे आश्वासन कितपत खरे ठरेल, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

वेळापत्रकाची अडचण

बीडमध्ये घर बांधण्याचा प्रश्न केवळ पैशांचा नाही, तो वेळापत्रकाचाही आहे. ऊसतोड कुटुंब ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाव सोडते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परतते. जूनमध्ये पेरणीची लगबग सुरू होते. म्हणजे घर बांधायला सलग मोकळा काळ मिळतो तो एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचा. नेमक्या याच काळात जिल्ह्यातील विहिरी तळ गाठतात आणि अनेक गावांत टँकर सुरू होतात.

सिमेंट काँक्रीटला पाणी लागते ते केवळ कालवण्यापुरते नव्हे. स्लॅब टाकल्यानंतर तो ओला ठेवावा लागतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर उष्ण आणि कोरड्या हवेत किंवा राख मिसळलेले सिमेंट वापरल्यास १० ते १४ दिवस पाणी मारावे, असा संकेत आहे. ज्या गावात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे दोन आठवडे स्लॅबवर पाणी साठवून ठेवणे ही चैन ठरते. परिणामी पाणी कमी मारले जाते, स्लॅबला बारीक तडे जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागते. घर पक्के दिसते, पण पक्के नसते.

दुसरी अडचण अनुदानाची. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून राबवली जात आहे. तिचे पैसे एकरकमी मिळत नाहीत. पाया, भिंती, छत अशा टप्प्यांनुसार, त्या त्या टप्प्याचे जिओ-टॅग केलेले छायाचित्र प्रणालीवर चढल्यानंतर हप्ता खात्यात जमा होतो. कुटुंब सहा महिने परमुलखात असेल, तर टप्पा पूर्ण कोण करणार आणि छायाचित्र कशाचे काढणार? जोते झाले, भिंती अर्ध्यावर आल्या आणि हंगामाला निघायची वेळ झाली, अशी अर्धवट घरकुले म्हणूनच खेडोपाडी दिसतात. पुढच्या वर्षी सिमेंट-सळईचे भाव वाढलेले असतात आणि आदला हप्ता खर्चून गेलेला असतो.

या पार्श्वभूमीवर तयार घराची कल्पना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. कारखान्यात बनणाऱ्या भागांना पाणी मारण्याचे काम कारखान्यातच होते. गावात होते ती केवळ जुळणी. दोन महिन्यांचे काम दोन आठवड्यांवर आले, तर ऊसतोड कुटुंबाच्या उन्हाळ्यात ते सहज बसू शकते.

तयार घर म्हणजे नेमके काय?

‘प्रीफॅब’ हा शब्द एक असला तरी त्याखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि त्यांतील फरक न कळल्यामुळेच ग्राहकाची फसगत होते.

पहिला प्रकार पेटीसारख्या संपूर्ण खोलीचा. खोली कारखान्यातच पूर्ण होते. दारे, खिडक्या, वायरिंग, क्वचित न्हाणीघरसुद्धा आतच बसवलेले असते. ट्रकवरून ती आणायची, क्रेनने उतरवायची आणि पाण्याची व विजेची जोडणी करायची. खऱ्या अर्थाने ‘मॉड्युलर’ घर ते हे. जुन्या मालवाहू कंटेनरचे घर याच जातीचे. याची मर्यादा रस्ता ठरवतो. आपल्याकडे मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही, त्यामुळे खोलीची रुंदीही साधारण आठ फुटांवर अडते. वीस फुटी कंटेनरचे क्षेत्रफळ होते १६० चौरस फूट. ग्रामीण घरकुलासाठी स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट जागा लागते. एक कंटेनर या मापात बसत नाही. दोन घ्यावेत तर खर्च दुप्पट होतो, शिवाय वाडी-तांड्यावरच्या अरुंद वाटेने क्रेन आत जाईल की नाही, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रकार पोलादी सांगाडा आणि त्यावर सँडविच पॅनेलच्या भिंतींचा. दोन पातळ पत्र्यांच्या किंवा सिमेंट बोर्डांच्या मध्ये थर्माकोल अथवा फोम भरलेला असतो. बांधकामाच्या जागेवरील कार्यालये आणि रस्त्याकडेची उपाहारगृहे बहुधा याच पद्धतीची असतात. तिसरा प्रकार पातळ गॅल्व्हनाइज्ड पोलादी पट्ट्यांच्या चौकटीचा. तिच्यावर सिमेंट बोर्ड बसवून आत हलके काँक्रीट किंवा उष्णतारोधक थर भरला जातो. चौथा प्रकार प्रीकास्ट काँक्रीटचा. खांब, तुळया, भिंती आणि छताच्या फळ्या कारखान्यात ओतून जागेवर जोडल्या जातात. या चौथ्या प्रकाराचे धाकटे भावंड ग्रामीण महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे. प्लॉटभोवती खाचांच्या खांबांत सिमेंटच्या पाट्या सरकवून उभारलेले तयार कुंपण ते हेच. सिमेंटच्या चौकटी आणि शोषखड्ड्याची कडीही त्याच कुळातली.

अनुभव काय सांगतो?

तयार घरांचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. फाळणीनंतर दिल्लीत लोटलेल्या निर्वासितांना झटपट घरे देता यावीत म्हणून स्वातंत्र्यानंतर लगेचच जंगपुरा येथे सरकारी गृहनिर्माण कारखाना उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. भुवनेश्वरचा आराखडा करणारे ऑटो कोनिग्सबर्गर हे तेव्हा केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते. परदेशी तंत्राने बनवलेली हलक्या काँक्रीटची पॅनेल तडकू लागली, संसदेत गदारोळ झाला आणि ती योजना गुंडाळावी लागली. कारखाना मात्र राहिला. पुढे तो इतर काँक्रीट उत्पादनांकडे वळला आणि १९७८ मध्ये त्याचे नाव हिंदुस्थान प्रीफॅब लिमिटेड झाले. परदेशात यशस्वी झालेले तंत्र येथील हवामानात आणि वाहतुकीत तावून-सुलाखून न घेता स्वीकारले, तर काय होते, याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धडा बीडच्या शेजारचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) परिसराला भूकंपाचा धक्का बसला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या वजनदार छतांखाली गाडली गेली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. ती भूकंपाला तोंड देणारी होती, यात शंका नाही. परंतु सरळ रेषांत आखलेल्या वसाहतींत गुरांना गोठा, धान्याला जागा, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना ओसरी कोठे, याचा विचार अनेक ठिकाणी राहून गेला. लोकांनी पुढे पत्र्याचे, लाकडाचे आडोसे उभारून तो आपल्यापरीने भरून काढला. घर तयार देता येते, पण घरातले जगणे तयार देता येत नाही, हे या अनुभवाचे सार म्हणता येईल. त्याच भूकंपाने मराठवाड्याच्या मनात आणखी एक गोष्ट रुजवली : सुरक्षित घर म्हणजे स्लॅबचे घर.

अलीकडची उदाहरणे अधिक आशादायक आहेत. केंद्र सरकारने जागतिक गृहनिर्माण तंत्रज्ञान स्पर्धेतून निवडलेल्या तंत्रांच्या आधारे १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी केली. इंदूरला सँडविच पॅनेल, चेन्नईला प्रीकास्ट काँक्रीट, रांचीला संपूर्ण खोल्यांची जुळणी, आगरतळ्याला हलक्या पोलादी चौकटी, तर राजकोट आणि लखनौला साच्यांवर आधारित पद्धती वापरण्यात आल्या. प्रत्येक ठिकाणी हजार किंवा त्याहून थोडी अधिक घरे होती. महाराष्ट्रात २०२२ मध्ये नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे सिडकोच्या गृहप्रकल्पात प्रीकास्ट तंत्राने ९६ घरांची बारा मजली इमारत ९६ दिवसांत उभी करण्यात आली.

मात्र या यशाचे गणित समजून घेतले पाहिजे. एका ठिकाणी शेकडो-हजारो सारखी घरे असली, तरच साचे, क्रेन आणि कारखाना यांचा खर्च प्रत्येक घरामागे कमी होतो. बीडमधील घरकुले एका जागी नाहीत. या गावात चार, त्या वाडीवर दोन, तांड्यावर सहा, अशी ती विखुरलेली आहेत. शिवाय घाईची तात्पुरती सोय आणि कायमचे घर यांतील अंतरही मोठे असते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तशीच आपत्ती कोसळली. दोन्ही ठिकाणी वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरच्या खोल्यांत आसरा देण्यात आला. कंटेनर तुलनेने लवकर आले. कायमच्या घरांसाठी मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. जमीन, रस्ता, पाणी आणि मंजुरी यांना कोणतेही तंत्रज्ञान पर्याय ठरत नाही.

हिशेब कसा जुळणार?

आता पैशांकडे वळू. मैदानी प्रदेशात ग्रामीण आवास योजनेचे अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजार रुपयांची भर घालण्याचा निर्णय घेतला. त्यांपैकी ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरील सौरऊर्जेसाठी. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ही मजुरी सुमारे २८ हजार होते. सौरऊर्जेची रक्कम वगळली तर घरासाठी साधारण १ लाख ९५ हजार रुपये उपलब्ध होतात. २६९ चौरस फुटांना भागले की चौरस फुटामागे सुमारे ७२५ रुपये.

उदाहरणादाखल धरू की एखाद्या उत्पादकाने तयार घराचा दर चौरस फुटाला १,२०० रुपये सांगितला. २६९ चौरस फुटांचे ३ लाख २३ हजार रुपये होतात. दर करासह नसेल, तर तयार घरावरील १८ टक्के जीएसटीचे आणखी ५८ हजार. शिवाय जोते, वाहतूक, क्रेन आणि शौचालयाची टाकी ही कामे सांगितलेल्या दरात आहेत की नाहीत, हे वेगळे विचारावे लागते. गावातला गवंडी मजुरीवर कर लावत नाही, सिमेंटवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणानुसार घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळू शकते. या सवलतींचा लाभ पारंपरिक बांधकामाला होतो. कारखान्यातून येणाऱ्या घराला त्यांचा उपयोग जवळपास शून्य. रोजगार हमीच्या मजुरीचेही तसेच. घर चार दिवसांत उभे राहिले, तर ९० दिवसांचे काम दाखवायचे कोठे?

उरलेल्या रकमेसाठी योजनेतच ७० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद आहे. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी ते घेतल्यास महिन्याचा हप्ता दीड हजार रुपयांच्या आत बसतो. परंतु ज्या कुटुंबाची मिळकत हंगामी आहे आणि तीही आधीच उचलीच्या रूपाने खर्च झालेली आहे, त्याला दरमहा हप्ता कसा जमणार? अशा कुटुंबाला बँकेचा हप्ता जुळला नाही, की पुढच्या हंगामाची उचल वाढवून तो भरला जातो. घराचे कर्ज अशा रीतीने मुकादमाच्या वहीत जाऊन बसते. म्हणून हप्ता महिन्याऐवजी हंगामाच्या अखेरीस, पिकाच्या आणि पट्टीच्या वेळापत्रकाला जुळवून आखणे आवश्यक आहे. पीककर्जाला जो न्याय लावला जातो, तो घरकर्जाला का लावू नये?

आणखी एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. ग्रामीण आवास योजनेत लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये, अशी भूमिका आहे. ठेकेदारी गैरव्यवहारांच्या जुन्या अनुभवातून ती आली आणि ती योग्यच आहे. पण एका कंपनीकडून संपूर्ण घर विकत घेणे या चौकटीत अवघड बसते. घर किमान ३० वर्षे टिकणारे असावे, ही पक्क्या घराची व्याख्याही हलक्या पत्र्याच्या घरांना बाहेर ठेवते. बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या शहरांत चित्र थोडे वेगळे आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास अडीच लाख रुपयांचे साहाय्य आहे आणि भागीदारीतील परवडणाऱ्या गृहप्रकल्पांत नव्या तंत्रासाठी वेगळे अनुदानही आहे.

घर कोणाचे, जमीन कोणाची?

घर स्वस्त झाले तरी ते उभे राहणार कोणाच्या जागेवर, या प्रश्नाला उत्तर हवेच. गावठाणातील वाडवडिलांच्या जागेचे चार भाऊ वाटेकरी, वाटणी तोंडी, आणि कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा, अशी अनेकांची स्थिती. हा उतारा करआकारणीचा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या गावात ते पूर्ण झाले, तेथे बँकेपुढे ठेवण्याजोगा कागद पहिल्यांदाच हाती आला. ज्यांना जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. गायरानावर राहणाऱ्यांची अडचण अधिक बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमण नियमित करणे कठीण झाले आहे.

येथे तयार घराचा एक कायदेशीर पेचही उद्भवतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जमिनीत रोवलेली किंवा तशा बांधकामाला कायमची जोडलेली वस्तू स्थावर मानली जाते. सिमेंटच्या जोत्यात घट्ट बसवलेले घर या कसोटीला उतरू शकते. चार ठोकळ्यांवर टेकवलेला कंटेनर मात्र जंगम वस्तूच ठरण्याची शक्यता अधिक. गृहकर्ज स्थावर मालमत्तेच्या तारणावर मिळते. जंगम वस्तूसाठी मिळणारे कर्ज सहसा महाग आणि अल्पमुदतीचे असते. ‘हवे तेव्हा उचलून नेता येते’ हा जाहिरातीतला गुण बँकेच्या दृष्टीने दोष ठरतो. गावाकडच्या प्लॉटवर कंटेनरचे घर ठेवण्याचा विचार करणाऱ्या शहरी वाचकांनीही हा मुद्दा नजरेआड करू नये. जमीन शेतीची असेल, तर घर तयार असो वा बांधलेले, परवानगीचे नियम त्याला लागू होतातच.

मालकीचा आणखी एक पैलू घराच्या आतला आहे. कोयता दोघांचा, उचल दोघांच्या कष्टांवर, मग घराचा कागद एकाच्याच नावावर का? योजनेतील घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर किंवा स्त्रीच्या नावावर असावे, अशी तरतूद आहे. नवरा गेलेल्या किंवा टाकून दिलेल्या बाईसाठी हा कागदच छप्पर असतो. कोपीत ना न्हाणी, ना शौचालय, ना आडोसा. अशा जगण्याची शारीरिक किंमत स्त्रिया किती मोजतात, याची चर्चा २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीच्या निमित्ताने राज्यभर झाली. घराच्या मापात न्हाणी आणि शौचालय हे शेवटी जोडायचे भाग नव्हेत, ते पहिले भाग आहेत.

ऊन, वारा आणि काळी माती

बीडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. उघडा पत्रा दुपारी तापतो आणि घराची भट्टी होते. सँडविच पॅनेलमधील फोम उष्णता अडवतो, हे खरे. पण स्वस्त घरात त्याची जाडी आधी कमी केली जाते. शिवाय फोम आगीला किती दाद देतो, हेही विचारलेच पाहिजे, कारण अनेक घरांत अजून चूल पेटते. मे महिन्यातील वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडणे ही दरवर्षीची बातमी. हलक्या घराला वाऱ्याने उचलू नये म्हणून जोत्यात पक्के बोल्ट हवेत. आणि हे घर सहा महिने कुलूपबंद किंवा म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर राहणार आहे. उंदीर, गंज आणि स्क्रूने बसवलेल्या पत्र्यांची चोरी यांना ते पुरून उरले पाहिजे.

घर हलके म्हणजे पाया स्वस्त, हा समज गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यात विशेष घातक आहे. तेथील खोल काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फुगणारी माती जड घरापेक्षा हलक्या घराला अधिक सहज वर ढकलते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खोल खुंटांचा पाया विकसित केला, तो याच कारणाने. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मुरूम आणि खडक वर असल्याने हा प्रश्न सौम्य आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकच तयार घर दोन ठिकाणी दोन किमतींना पडेल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात अनेक मातीची घरे कोसळली. त्या अनुभवानंतर जोत्याची उंची आणि पाया यांत काटकसर करणे कोणत्याही घराला परवडणारे नाही.

मधला मार्ग

मग तयार घर बीडसाठी निरुपयोगी आहे काय? तसे मुळीच नाही. संपूर्ण घर ट्रकवरून आणण्याऐवजी घराचे अवघड भाग तयार आणावेत आणि बाकीचे काम गावात व्हावे, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. ग्रामीण घरात सर्वाधिक वेळ, पाणी आणि पैसा खातो तो स्लॅब. सेंट्रिंगचे भाडे, एकाच दिवशी लागणारी माणसे आणि नंतरचे पाणी, हे सारे त्यातच. रुडकीच्या संस्थेने विकसित केलेली प्रीकास्ट तुळया आणि फळ्यांची छतपद्धत येथे उपयोगी पडते. लहान तुळया आणि काँक्रीटच्या फळ्या आधीच ओतून, भरपूर पाणी मारून तयार ठेवायच्या, भिंतींवर हातांनी चढवून जुळवायच्या आणि वर काँक्रीटचा पातळ थर द्यायचा. मोठे यंत्र लागत नाही, सेंट्रिंग लागत नाही आणि छत स्लॅबसारखेच राहते. त्यावर बाजेवर झोपता येते, पापड-कुरडया वाळवता येतात. सोयरिकीच्या बोलण्यांतही ‘घर स्लॅबचे आहे’ असे सांगता येते. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पत्र्याच्या घराला जी गरिबीची खूण चिकटली आहे, ती किमतीच्या तक्त्याने पुसली जात नाही.

फळ्या-तुळया बनवायला पुण्याचा कारखाना लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाणी असते तेथे, सहा महिने त्या ओतून ठेवता येतील आणि एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की बसवता येतील. ज्या काळात घरमालक फडात असतो, त्याच काळात त्याचे छत तालुक्याला तयार होत राहील. भिंतींसाठी परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची राख जिल्ह्यातच आहे आणि तिच्या विटा बनतातही. भाजण्याची गरज नसलेल्या या विटा सरळ आणि एकसारख्या मापाच्या असल्याने जुळणीला सोप्या जातात. दुष्काळामुळे २०१५ मध्ये पाण्याअभावी याच केंद्रातील वीजनिर्मिती थांबवावी लागली होती. तेव्हा एकाच स्रोतावर सारी भिस्त ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे लागेल. गवंड्याचे काम गावातच राहील, रोजगार हमीची मजुरी मिळेल, ठेकेदार नेमण्याची गरज पडणार नाही आणि उद्या एखादी फळी बदलायची झाली, तर ती बदलणारा माणूस हाकेच्या अंतरावर असेल.

त्यासाठी प्रशासनाकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत. तयार भागांच्या खरेदीलाही टप्पा मानून हप्ता देण्याची मुभा असावी. पाच-दहा लाभार्थ्यांनी एकत्र मागणी नोंदवली, तर ती एकत्र स्वीकारली जावी. आणि तयार भागांची चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयात करून तिचा दाखला गावात लावला जावा.

ज्यांना संपूर्ण तयार घरच घ्यायचे आहे, त्यांनी उत्पादकाला काही साधे प्रश्न विचारावेत. दरात जोते, वाहतूक आणि कर आहेत का? सांगाड्याच्या पोलादाची आणि पॅनेलची जाडी किती? वाऱ्याचा कोणता वेग गृहीत धरला आहे आणि त्याच्या आराखड्यावर अभियंत्याची सही आहे का? गळती झाल्यास दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत? पुढे एक खोली वाढवता येईल का? याच बनावटीचे, किमान पाच पावसाळे पाहिलेले घर दाखवता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर पहिल्या सर्व उत्तरांचे मोल कमी होते.

कोपी काही तासांत उभी राहते, म्हणून तिला कोणी घर म्हणत नाही. घराची किंमत ते किती लवकर उभे राहिले यावरून ठरत नसते. हंगाम संपवून एप्रिलच्या उन्हात गावी परतलेल्या कुटुंबाने दाराचे कुलूप काढावे, आत छत शाबूत असावे, न्हाणीला दार असावे, उताऱ्यावर दोघांची नावे असावीत आणि त्या घरापायी पुढच्या हंगामाची उचल वाढलेली नसावी. कारखान्यातून येणारे तंत्र एवढे साधून देत असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे. नुसती गती देत असेल, तर तेवढी गती बीडच्या माणसाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच.